रागाचा सातबारा कुणाच्या नावावर?

१

"घरात गाणं आहे का?"

पोरीला गाण्याच्या क्लासात घालायला गेलो तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न हा विचारला. फी किती, वार कुठले, वही कुठली आणायची हे सगळं नंतर. आधी घरात गाणं. मी म्हटलं, नाही. मी न्हावा-शेव्याला कंटेनर यार्डात टॅली क्लार्क आहे. बाईंनी नाव लिहून घेतलं, आडनावाशी जरा थांबल्या आणि बोलल्या, "मग जड जाईल हं तिला. हे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या व्हावे लागतात."

भांडलो नाही. फी भरली, पावती घेतली. परत येताना बसमधे पोरगी हळूच बोलली, "बाबा, तू खोटं का बोललास? पणजोबांची सनई होती ना आपल्याकडे?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. ट्रेलरची रांग लागलेली. त्या एका वाक्याने मला चार रात्री झोप दिली नाही. मी खोटं बोललो होतो हे खरं. पण मला खोटं बोलायचं नव्हतं. त्या बाई ज्याला गाणं म्हणत होत्या, त्यात माझ्या आज्याची सनई बसते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकलेला, चळवळीत वाढलेला मी. माझ्या तोंडून सहज "नाही" गेलं.

हे "नाही" माझ्या तोंडात कुणी घातलं, एवढंच ह्या लेखात तपासायचं आहे.

२

माझा आजा महाडकडचा. खालूबाजात सनई वाजवायचा. खालूबाजा म्हणजे सनई, ढोल, टिमकी, झांज. लग्न असो, शिमगा असो, पालखी असो, दक्षिण रायगडात आणि रत्नागिरीकडे त्याच्याशिवाय पान हलत नाही. आजा दुसऱ्यांच्या वराती पुढे चालायचा. मांडवात वाजवणाऱ्याला जागा नाही, तो मांडवाबाहेर. पालखी देवळात गेली की सनईचा आवाज थेट गाभाऱ्यात जायचा आणि सनईवाला पायरीखाली उभा. मोबदला काय? पंगत उठल्यावर उरलेलं अन्न, आणि सुगीला मूठभर दाणे. तेही मागायला जायचं.

१९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं बिल मांडलं. वतन ही इज्जत नाही, ती गुलामीची साखळी आहे, हे त्यांनी आमच्या जुन्या माणसांना परोपरीने सांगितलं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. पण आज्याने कायद्याची वाट पाहिली नाही. १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, आणि त्यानंतरच्या पहिल्या लग्नसराईत गावकीचं बोलावणं आलं तेव्हा त्याने सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. "ह्ये वाजवनं न्हाय, ही वेठ हाय," एवढंच बोलला. त्या वर्षी गावाने आमच्या वाड्याला मजुरी दिली नाही. तरी सनई माळ्यावरून खाली आली नाही.

माझ्या बापाला त्याने एक सूर शिकवला नाही. विसरला म्हणून नव्हे. ठरवून शिकवला नाही. बाप १९८० नंतर इकडं बंदराच्या बांधकामावर मजूर म्हणून आला आणि इथंच राहिला. २६ मे १९८९ ला जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं, तेव्हा मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो.

आता बघा. संगीतावर लिहिणारे लोक ज्याला अभिमानाने परंपरा म्हणतात, त्याचा अर्थ अखंड धारा. बापाकडून पोराला, पोराकडून नातवाला. धारा तुटली की ते हळहळतात. आमच्या घरात उलटं. आमचा अभिमान धारा तोडण्यात आहे. आज्याने वाजवणं बंद केलं म्हणून बाप ताठ मानेने मजुरी करू शकला, म्हणून मी शाळेत गेलो. जगातल्या कुठल्याही संगीतसमीक्षेत ह्या कृतीला नाव नाही. एका कलावंताने आपली कला स्वतःच्या हाताने बंद केली, आणि ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरली. ह्याला काय म्हणाल, रसिकहो?

पण दुसरी बाजूही लपवत नाही. माझी आत्या सांगते, म्हातारा संध्याकाळी ओट्यावर बसला की हातातल्या काठीवर त्याची बोटं हलायची. एकेक बोट उचलायचं, परत टेकायचं. कुणी पाहिलं की हात खिशात. गुलामी सोडताना माणसाने आपल्या अंगातलं काहीतरी कापून टाकलं, ते दुखत राहिलं. त्या दुखण्याचा हिशेब आम्ही चळवळीतल्या लोकांनीही कधी मांडला नाही.

३

त्या बाईंच्या डोक्यात जे आहे ते त्यांनी स्वतः तयार केलेलं नाही. ते मराठी संगीतविचाराने तयार केलेलं आहे. म्हणून वाचनालयातून वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' आणलं. १९६१ सालचं पुस्तक. ह्या विषयावर मराठीत कुणी तोंड उघडलं की पहिलं नाव ह्याच पुस्तकाचं निघतं.

आधी नावच बघा. घराण्याची ती घरंदाज. पण मराठीत घरंदाज म्हणजे खानदानी, कुलीन, अब्रूदार. घरंदाज बाई म्हणजे कुठली आणि ती कुठली नव्हे, हे आमच्या आयाबहिणींना विचारा. गाणं मोजायचा शब्दच असा निवडला की ज्याला घर आहे, कूळ आहे, त्यालाच तो बसावा. ज्याला गावकुसाबाहेर ठेवलं त्याचं गाणं घरंदाज होणार कसं?

पण पुस्तक उघडून वाचलं आणि मी थोडा अडखळलो. पुस्तक बनावट नाही. माणूस मनापासून ऐकणारा आहे. घराण्यांची मांडणी त्याने रक्तावर केलेली नाही. स्वर आणि लय अशी दोन टोकं घेऊन कुठलं घराणं कुठल्या बाजूला झुकतं हे तो दाखवतो. किराणा स्वराकडे, आग्रा लयीकडे, जयपूर दोन्हींचा तोल सांभाळणारं. आवाज कसा लावायचा, आलाप कसा वाढवायचा, तान कशी बांधायची, ह्यावरून घराणं ठरतं असं त्याचं म्हणणं. म्हणजे घराणं ही एक शिस्त आहे, एक पद्धत आहे. पद्धत शिकता येते. शिकता येते तर तिला रक्त कशाला लागतं?

म्हणजे पुस्तकाचं नाव एक बोलतं आणि पुस्तक दुसरंच सिद्ध करतं. ह्यातला नावाचा भाग समाजाने उचलला, सिद्धतेचा भाग कपाटात राहिला. घराणं व्हायला कमीत कमी तीन पिढ्या लागतात असं आजही सर्रास बोललं जातं. त्या बाई तेच बोलत होत्या.

ठीक. तीन पिढ्यांचाच हिशेब धरू. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पोरगे आनंद आणि मिलिंद, आणि आनंदचा पोरगा आदर्श. झाल्या तीन पिढ्या. खड्या आवाजाची फेक, वरच्या सप्तकात बिनधास्त जाणं, शब्द लांबच्या माणसाच्या कानावर आदळेल असा टाकणं. ऐकल्याबरोबर ओळखू येतो तो गळा. एक पद्धत आहे, ती पुढच्या पिढीने घेतली आणि आपल्या काळाप्रमाणे बदललीसुद्धा. 'घरंदाज गायकी'ची मोजपट्टी लावली तर हे घराणं होतं की नाही? मग कुठल्या समीक्षकाने तसं म्हटलं? त्यांना लोकगायक म्हणायचं, भीमगीतवाले म्हणायचं आणि पुढं जायचं. राग वेगळा आहे, ख्याल वेगळा आहे, हे मला कळतं. पण घराणं हा शब्द फक्त ख्यालासाठी राखून ठेवलाय तो कुणी आणि का, हा प्रश्न तरी विचाराल?

आमच्या भागातल्या माणसाला हे एका शब्दात कळेल. सातबारा. इथं बंदर आणि शहर उभं करायला जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, जासईच्या बाजूला गोळीबार झाला, पाच जणांनी जीव दिला. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं तत्त्व निघालं. तो लढा खरा होता, त्याला माझा सलाम. पण ज्याच्या नावावर सातबारा त्यालाच साडेबारा. त्याच शेतात ज्याने पिढ्यान्‌पिढ्या मजुरी केली त्याचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नव्हतं, म्हणून त्याला काही नाही. संगीताचं तसंच झालं. राबले अनेक. उताऱ्यावर नावं थोड्यांची.

४

आता कुणी म्हणेल, गुरूच्या घरी जायला तुम्हाला कुणी अडवलं होतं? कलेला जात नसते.

भीमसेन जोशींची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. १९३३ साली अकरा वर्षांचा पोरगा गाणं शिकायचं म्हणून गदगहून घर सोडून पळाला. बिनतिकिटाचा रेल्वेने फिरला, गाणं म्हणून पोट भरलं, ग्वाल्हेरपासून जालंधरपर्यंत गुरू शोधला. शेवटी १९३६ साली सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला राहिला, आणि गुरूच्या घरी पाण्याच्या घागरी वाहिल्या. मी भीमसेनांच्या गाण्याचा वेडा आहे. रात्रपाळीत त्यांचा तोडी ऐकून मी जागा राहिलोय. त्यांच्या कष्टाला मी कमी लेखत नाही.

पण ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे जिथं पाणावतात तिथं माझं डोकं चालू लागतं. गुरूच्या घरी पाणी भरलं! अरे, ह्या देशात पाणी भरायला मिळणं ही केवढी गोष्ट होती! २० मार्च १९२७ ला माझ्या आज्याच्या मुलखात, महाडला, बाबासाहेबांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याबद्दल आमची डोकी फुटली. तळं गोमूत्राने शुद्ध केलं. वर कोर्टात दावा लावला. त्या दाव्याचा मुंबई हायकोर्टातला निकाल लागला मार्च १९३७ मधे. म्हणजे ज्या साली भीमसेन गुरूच्या घरी घागर भरत होते, त्या साली आम्ही सार्वजनिक तळ्याला हात लावू शकतो की नाही, हा खटला अजून चालूच होता!

गुरुकुल म्हणजे काय? गुरूच्या घरी राहायचं, त्याच्या चुलीवरचं खायचं, त्याचं पाणी भरायचं, पाय दाबायचे, आणि त्याच्या मर्जीने कधी पहाटे, कधी मध्यरात्री विद्या मिळवायची. ह्यातली एकही गोष्ट विटाळ मानणाऱ्या घरात आमच्या पोराला शक्य नव्हती. महाराला ख्याल येणार नाही असा नियम कुठल्याच संगीतशास्त्रात लिहिलेला नाही. लिहायची गरजच नव्हती. पाण्याच्या नियमाने ते काम आधीच केलं होतं. घर सोडून पळायलाही जात लागते. १९३३ साली आमचा एखादा अकरा वर्षांचा पोरगा गाण्यासाठी पळाला असता तर त्याला कुणी ओसरीवर घेतलं असतं?

म्हणून गुरुकुल संपलं, आता क्लास उरले, असं रडगाणं कुणी लावलं की मी तिथून उठतो. गुरुकुल संपलं ते आमच्या पथ्यावर पडलं.

५

इथं आमच्या काही मित्रांचं मत मला खोडून काढायचं आहे. ते म्हणतात, रागदारी हे बामणी गाणं, आपल्याला काय करायचंय?

हे चूक आहे, आणि धोक्याचंही आहे. कारण असं बोलून आपणच त्यांच्या नावावर सातबारा चढवून देतो.

ख्याल मराठी मुलखात आला तो खाँसाहेबांच्या गळ्यातून. अल्लादिया खाँ कोल्हापूरला राहिले ते शाहू महाराजांच्या आश्रयाने. तेच शाहू महाराज, ज्यांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि १९२० साली कागलजवळच्या माणगावला बाबासाहेबांना आमचा पुढारी म्हणून जाहीर केलं. अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले, तिथंच त्यांची कबर आहे. ती वाद्यं तरी कुणी केली? मिरजेची सतार आणि तंबोरा बनवणारे शिकलगार, मूळचे हत्यारांना धार लावणारे मुसलमान कारागीर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचे भोपळे सोलापूर जिल्ह्यातल्या शेतात पिकतात. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची, ती ताणणारी वादी चामड्याची. चामडं कुणाच्या हाताने कमावलं जातं हे मी तुम्हाला सांगायला नको. दक्षिणेत मृदंग बनवणाऱ्या दलित कारागिरांवर टी. एम. कृष्णा ह्यांनी २०२० साली पुस्तक लिहिलं, तर त्याच्या प्रकाशनाला आधी दिलेली जागा एका नामांकित कलासंस्थेने ऐन वेळी नाकारली. वाद्य चालतं. ते बनवणाऱ्याचं नाव चालत नाही.

आणि बायका. अल्लादिया खाँसाहेबांची विद्या ज्यांनी तोलून धरली त्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. ज्या समाजाच्या बायकांना देवळाला वाहिलं आणि वर घरंदाज नाही म्हणून हिणवलं, त्याच समाजाने तुमची घरंदाज गायकी जिवंत ठेवली. केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पृथ्वीच्या वतीने कोण गाणार ह्याची निवड झाली तेव्हा कुणी "घरात गाणं आहे का" विचारलं नाही. गंगूबाई हनगल बोलून गेल्या की गाणारा पुरुष मुसलमान असला तर उस्ताद होतो, हिंदू असला तर पंडित होतो, आणि केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात. एका वाक्यात त्यांनी सगळी उतरंड उभी केली. ही बाई आपली आहे. तिला परक्यांच्या ताब्यात कशाला देता?

६

मग हे गाणं पांढरपेशांच्या हातात गेलं कसं? इथं दोन विष्णू येतात. विष्णू दिगंबर पलुसकर आणि विष्णू नारायण भातखंडे.

पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, वर्गात बसा, शिका. भातखंडे पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी गोळा केल्या, त्यांना लिपी दिली, राग दहा थाटांत बसवले, आणि क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग काढले. हजाराच्या वर बंदिशी छापल्या गेल्या. जानकी बखले ह्यांनी २००५ सालच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात ह्या दोघांची कठोर तपासणी केली आहे. संगीत राष्ट्राचं झालं खरं, पण ह्या व्यवहारात उस्ताद मागे पडले, पलुसकरांच्या हाताने त्यावर भक्तीचा हिंदू रंग चढला, आणि गाणं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात गेलं. हे मला पटतं.

पण मी आणखी एक गोष्ट बघतो, जी दिवाणखान्यातून दिसत नाही. वर्ग निघाला तिथं घागर संपली. पुस्तक छापलं तिथं मर्जी संपली. त्यांनी दार आमच्यासाठी उघडलं नव्हतं, पण उघडलेल्या दाराला कोण आत येतो ते कळत नाही. पलुसकरांच्या शिष्यांनी १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा त्याच्या परीक्षा. मंडळाची वास्तू वाशीला, आमच्यापासून खाडीपलीकडं. रसिक लोक ह्या परीक्षांना नाक मुरडतात. परीक्षा देऊन कुणी गवई होत नाही म्हणतात. नसेल होत. पण परीक्षेच्या फॉर्मवर "घरात गाणं आहे का" असा रकाना नाही. आम्हाला रकान्यांची किंमत कळते. मॅट्रिकच्या सर्टिफिकेटने आमची काय काय दारं उघडली हे ज्यांची दारं आधीपासून उघडी होती त्यांना कसं कळणार?

आणि आमच्या शेजारीच बघा. उरण-पनवेलकडच्या आगरी गावांत संगीत भजन म्हणजे जीव की प्राण. भातशेतीत, मिठागरात राबणारी माणसं रात्री पेटी-पखवाज घेऊन बसतात आणि अभंग रागात बांधून गातात. बुवाकडून पोरं शिकतात, ती पुढं बुवा होतात. पोरपणी मी देवळामागच्या बांधावर बसून ते ऐकलंय. आत बसलो नाही, बांधावर बसलो. पण कानाला बांध नसतो. दरबारात नाही, दिवाणखान्यात नाही, कष्टकऱ्याच्या गावात राग तीन-तीन पिढ्या राहू शकतो, हे मी तिथं पाहिलं.

७

आता आपल्याकडे वळू. टीका फक्त दुसऱ्यावर करायची तर लेखणी खाली ठेवलेली बरी.

आपल्याकडे गाणं नव्हतं काय? भीमराव कर्डकांचे जलसे होते. वामनदादा होते, विठ्ठल उमप होते. विठ्ठल उमप २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, रंगमंचावर गेले. जलशात, कव्वालीत आपलं वाद्य पेटी. त्या पेटीची गोष्ट ऐका. १९४० साली सरकारी रेडिओने पेटीवर बंदी घातली. कारण काय, तर तिचे सूर ठोकळ्यासारखे, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती निघत नाहीत, ती परदेशी. ही बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. मींड निघत नाही हे खरंच आहे. पण स्वस्त, कुठंही नेता येणारं, चार माणसांना एका सुरात बांधणारं वाद्य गरिबाच्या घरात तेच एक होतं. रेडिओने एकतीस वर्षं त्याला बाहेर बसवलं, आणि आमच्या वस्तीत ते वाजतच राहिलं.

आणि आज? जयंतीला आपण डीजे लावतो. छाती हादरते, म्हातारी माणसं दारं लावून घेतात. पेटी विहाराच्या कपाटात, तिचा भाता उंदरांनी खाल्लेला. आपली पोरं ऐकतात भरपूर, गातात कमी, शिकतात त्याहून कमी. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते हे किती जणांच्या ध्यानात आहे? शरीर थकलेलं, घटनेचं काम, ग्रंथांचं काम, पुढं धर्मांतर. तरी हा माणूस विद्यार्थी होऊन सूर लावायला बसतो. परदेशी वाद्य, आणि घरी ते कुणी वाजवलेलं नाही. त्यांनी कुणाच्या पिढीची वाट पाहिली?

एक कार्यकर्ता मला म्हणाला, राग शिकून काय क्रांती होणार? मी म्हटलं, इंग्रजी शिकून झाली होती का? कायदा शिकून झाली होती का? जे जे आपल्याला नाकारलं ते ते शिकायचं, हा आपला जुना कार्यक्रम आहे. त्यातून गाणं वगळलं कुणी?

८

अडचण आहे, ती लपवत नाही. क्लासात सरस्वतीचा फोटो, त्याला हार. परीक्षेच्या बंदिशीत कन्हैया, राधा, कुठं सासू-नणंद. माझी आई बोलली, "आपन बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. पोर काय त्या देवाचं गानं गाणार?" आईला मी झिडकारू शकत नाही. ती बरोबर बोलतेय.

पोरीनेच वाट काढली. तिला तराना आवडला. तराण्यात देव नाही, सासू नाही. नुसती अक्षरं, लय आणि सूर. सरगम गीतातही नुसते स्वर. पण सगळं आयुष्य तराण्यावर काढता येणार नाही. मग शब्द बदलायचे. ख्यालाचे शब्द काय वेदातून आले? अठराव्या शतकात मुहम्मदशाह रंगीलेच्या दरबारातला नियामत खाँ, सदारंग ह्या नावाने बंदिशी करायचा, त्यात बादशहाची तारीफ घालायचा. मालक बदलला तसे शब्द बदलले. आता मालकच नको, तर आपले शब्द का नकोत?

म्हणून आपल्या कवींना माझी मागणी आहे. बंदिश लिहा. काम सोपं नाही, पण मोठंही नाही. स्थायी आणि अंतरा, दोन-दोन ओळी पुरतात. तीनतालाच्या सोळा मात्रा, चारचे चार भाग, नवव्या मात्रेला खाली. मुखडा असा पाहिजे की समेवर महत्त्वाचं अक्षर पडेल. शब्द थोडे, आणि आकार-ओकार उघडे, म्हणजे त्यावर आलाप करता येईल. घोषणा कोंबू नका, तिला जागा मिळणार नाही. चवदार तळ्याचं पाणी, दुष्काळातला पाऊस, रात्रपाळीवरून परतणारा माणूस, ह्यांच्यावर बंदिश का होऊ नये? विरहाचे राग आहेत ना? मग ज्यांची माणसं गटारात उतरून वर आली नाहीत त्यांचा विरह कुणी गायचा?

९

मागच्या महिन्यात गावी गेलो तेव्हा पोरीने माळ्यावरून सनई काढली. पत्ती कधीच गेलेली, लाकडाला चीर पडलेली, वाजण्यासारखी नाही. आत्याला विचारलं, म्हातारा काय वाजवायचा? आत्याने नवरी निघतानाची चाल गुणगुणून दाखवली. पोरगी बोटं मोजू लागली. सा रे ग प ध. "बाबा, हा तर भूप!"

माझ्या अंगावर काटा आला. पण मी तिला म्हटलं, थांब. पाच सूर सारखे म्हणून भूप होत नाही. तेच पाच सूर देशकारातही असतात, चालण्यात फरक पडतो. हे तिच्याच वहीत लिहिलेलं होतं. कुमार गंधर्वांनी माळव्यातल्या लोकांच्या धुना ऐकून त्यातून राग बांधले आणि त्यांना धुनउगम म्हटलं, धुनेतून निघाले हे उघड सांगितलं. धुनेतून राग निघतो हे कबूल. पण आज्याची चाल भूप निघाली तरच आजा मोठा, असं मला म्हणायचं नाही. त्याला पंडित करून त्यांच्या रांगेत शेवटी उभा करायचा नाही. आजा मोठा आहे तो वाजवत होता म्हणूनही, आणि त्याने वाजवणं थांबवलं म्हणूनही.

१२ जानेवारी २०२४ ला आमच्या न्हावा-शेव्याहून शिवडीपर्यंत समुद्रावरून पूल सुरू झाला. मुंबई वीस मिनिटांवर आली म्हणतात. आता पोरीला तिकडच्या मैफली ऐकायला नेतो. मागच्या रांगेत बसतो, पण आत बसतो.

पुढच्या परीक्षेच्या वेळी कुणी परत विचारलं, घरात गाणं आहे का, तर उत्तर तयार आहे. होतं. तुमच्या मांडवाबाहेर होतं. आम्ही ते बंद केलं, आमच्या इच्छेने. आता सुरू करतोय, तेही आमच्या इच्छेने, आणि ह्या वेळी उरलेल्या अन्नावर नाही.

आमच्या विहारातली पेटी दुरुस्तीला दिलीय. भाता नवीन बसवायचा आहे, वर्गणी चालू आहे. क्रमिक पुस्तकांचे पहिले दोन भाग जुन्या बाजारात मिळाले. दर रविवारी संध्याकाळी पाच पोरं बसतात, शिकवणारी माझीच पोरगी, जेवढं येतं तेवढं. तुमच्या वस्तीत पेटी कुठल्या कपाटात आहे ते बघा. आणि बंदिश लिहिली तर आमच्याकडे पाठवा. गाऊन बघू.

जयभीम.